सासूबाईंची हाडं आणि माझी अहिराणी

बसा, चहा टाकलाय. पण आधी एक कबूल करा. ऐकून झाल्यावर "मॅडम, तुम्ही एवढ्या शिकलेल्या, तुम्ही तरी असं कसं केलंत?" हे वाक्य म्हणायचं नाही. ते म्हणून झालंय. नवऱ्यानं म्हटलं, शेजारणीनं म्हटलं, पाठीवर पंप घेऊन आलेल्या फवारणीवाल्यानंसुद्धा म्हटलं! आता तुम्ही तरी नका म्हणू.

तर मी हाडांची डॉक्टर. म्हणजे तशी नव्हे हो! मोडलेला हात माझ्यापुढं आणलात तर मीच आधी किंचाळेन. मी शहाद्याच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते, आणि त्याआधी पुण्याच्या एका प्रयोगशाळेत हाडं खाणाऱ्या पेशींच्या संगतीत माझी उमेदीची वर्षं काढली.

दचकू नका. त्या तुमच्यातही आहेत, आत्ता, चहा पिताना. हाड म्हणजे काही सिमेंटचा खांब नव्हे. ते जिवंत असतं. एकीकडून जुनं काढायचं, दुसरीकडून नवं भरायचं, हे काम जन्मभर चालू. काढणारे मजूर वेगळे, भरणारे वेगळे. वय झालं, त्यातून बाईमाणसाचं, की काढणाऱ्यांना जोर चढतो आणि भरणारे सुस्तावतात. मग हाड आतून विरळ होत जातं.

आता गंमत बघा. हे काढणारे जन्मतःच राक्षस नसतात. सुरुवातीला त्या अगदी लहान, गरीब पेशी असतात. त्या एकमेकींजवळ येतात, अंगावरच्या चिकट रेणूंनी एकमेकींना चाचपतात, धरतात आणि चक्क एकमेकींत मिसळून जातात. पुष्कळजणींची मिळून एक धिप्पाड पेशी होते. ती हाडावर घट्ट बसते आणि कुरतडायला लागते. माझा सगळा अभ्यास त्या धरण्यावर होता. कोणता चिकट रेणू झाकला तर त्या एकमेकींना धरत नाहीत? धरलंच नाही तर राक्षसीण तयार होते का? काचेच्या बशीत त्या बिचाऱ्या एकेकट्या बसून राहिल्या की मी आनंदानं नाचायची.

शुद्ध मराठीत या चिकटण्याला 'आसंजन' म्हणतात. हा शब्द मी घरात वापरला असता ना, तर काहीही झालं नसतं. कोणाला कळलाच नसता! पण मला हौस सोपं करून सांगायची. तिथंच घात झाला.

मी मूळची साताऱ्याकडची. नवरा तापीकाठच्या प्रकाशा गावचा. भूषण त्याचं नाव, साखर कारखान्यात नोकरीला. लग्न होऊन इकडं आले तेव्हा मला वाटलं, मराठीच तर बोलतात, त्यात काय! पहिल्याच सकाळी सासूबाई इकडच्या अहिराणीत म्हणाल्या, "पानी तपी ऱ्हायनं." मी आपली खिडकीतून तापी नदीकडं बघत बसले. मला वाटलं, तापीचं पाणी म्हणतायत! अंघोळीचं पाणी तापतंय हे कळेपर्यंत ते उकळून अर्धं झालं होतं.

सासूबाई कमी बोलणाऱ्या. इतक्या कमी की त्यांचा राग आणि त्यांचा लोभ एकाच तोंडानं यायचा, आपण ओळखायचं. माझ्याशी कधी भांडल्या नाहीत, पण कधी गप्पाही मारल्या नाहीत. मी काही विचारलं की "हां", नाहीतर "नही". मी म्हणजे त्यांच्या मुलाच्या लग्नात आलेली आणि अजून परत न गेलेली पाहुणी, असं मला कितीतरी दिवस वाटायचं.

पण माझी लेक मृण्मयी! ते नाव त्यांच्या जिभेवर बसेना म्हणून त्यांनी तिची मिन्नी केली. आणि या मिन्नीपुढं त्यांची मुकी वाचा अशी फुटायची की बस! शाळेतून आली की दप्तर फेकून पोरगी थेट आजीच्या मांडीत. आजीच्या ताटात जेवण, आजीच्या पदराला हात पुसणं, आजीच्या कुशीत झोप. मी कधीकधी वैतागून म्हणायची, "आई, किती चिकटते ही तुम्हाला! जरा लांब करा, सवयी बिघडतात." सासूबाई ऐकून न ऐकल्यासारखं करायच्या.

या हिवाळ्याच्या सुरुवातीला त्या ओट्यावरच्या ओलसर फरशीवरून घसरल्या. पडल्या म्हणजे कशा, नुसत्या हातावर टेकल्या. पण मनगट मोडलं. शहाद्याला नेलं. डॉक्टरांनी प्लास्टर घातलं, हाडांची तपासणी केली आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "मॅडम, हाडं ठिसूळ झालीयत. गोळ्या, दूध, ऊन, चालणं. आणि पुन्हा पडायचं नाही. त्यांना जरा नीट समजावून सांगायला हवं."

मी छाती फुगवली. "डॉक्टर, तुम्ही काळजीच करू नका. अहो, हा माझाच विषय!"

आठवलं की अजून अंगावर काटा येतो बघा.

संध्याकाळी मी पोळ्यांची कणीक मळून बसले होते. सासूबाई समोर पाटावर, हात गळ्यात बांधलेला. त्यांनी आपणहून विचारलं. आपणहून!

"मन्हा हाडकेसले काय व्हयनं वं?"

मला काय आनंद झाला म्हणून सांगू! इतक्या वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदा काहीतरी विचारलं होतं, आणि तेही माझ्या विषयातलं! मी ठरवलं, आज अहिराणीतच सांगायचं. त्यांना आपलं वाटलं पाहिजे.

कणकेचे बारीक बारीक गोळे केले आणि परातीत मांडले.

"आई, हाई एक पेशी शे."

"पेशी? कोर्टनी?"

"नाही हो! अंगमानी. अंगातली. हाई एकली ऱ्हायनी तर काहीच करस नही. गरीब शे. पन या जवय जवय येतस ना, एकमेकले चिटकतस..." मी गोळे एकमेकांवर दाबले, एक मोठा लाडू केला. "अशी भलती मोठी व्हस. आनि हाडके खाई जास!"

सासूबाईंनी त्या लाडवाकडं बघितलं. मग माझ्याकडं.

"चिटकस म्हनीसन हाडके खास?"

"हां! बरोबर! चिटकनं हाऊच तर आख्खा रोग शे!"

वा! काय वाक्य जमलं होतं! माझ्या गाईडबाईंना मला पदवी मिळताना झाला नसेल एवढा अभिमान मला स्वतःचा वाटला.

सासूबाईंनी परातीतला तो लाडू बोटानं जरा लांब ढकलला. मग हळूच म्हणाल्या, "धाकला पोरेसले बी?"

म्हणजे लहान पोरांना पण? आता हा किती हुशार प्रश्न! लहान मुलांची हाडं वाढत असतात, तिथं मोडतोड आणि बांधकाम दोन्ही जोरात चालतं. मी शास्त्राला धरून उत्तर दिलं.

"पोरेसमा तर आखो जास्त!"

"मंग उपाय काय?"

"चिटकू देवानं नही," मी पोळी लाटत म्हणाले. "बस्स. आख्खी दुनिया तेच तर शोधी ऱ्हायनी!"

सासूबाई उठल्या. आत गेल्या. मी मनात म्हटलं, बघा, याला म्हणतात समजावणं.

दुसऱ्या दिवशी मिन्नी शाळेतून आली आणि नेहमीसारखी धावली. सासूबाईंनी चांगला हात पुढं केला आणि तिला थोपवलं.

"तठेच बठ. जवय येऊ नको."

"का गं आजी?"

"मन्हा हात दुखस."

मी आतून ऐकलं आणि खूश झाले. केवढी समजूतदार बाई! प्लास्टरला धक्का लागू नये म्हणून जपतायत. किती पटकन मनावर घेतलं!

मग त्यांनी आपलं ताट वेगळं केलं. पेला वेगळा. रात्रीच्या अंथरुणाची जागा मागच्या खोलीत, दार लोटून. मिन्नी उशी घेऊन दाराशी उभी राहिली, तर आतून आवाज, "जाय, तुन्ही मायकडे नीज." पोरगी माझ्याकडं आली खरी, पण तोंड भिंतीकडं करून झोपली.

आता मात्र माझ्या डोक्यात वेगळंच चक्र सुरू झालं. अगं बाई! मी म्हणाले होते ना, "किती चिकटते ही तुम्हाला, जरा लांब करा"? ते लागलं यांना! इतके दिवस मनात ठेवलं आणि आता दुखण्यात बाहेर आलं. मिन्नीला लांब करून मला शिक्षा देतायत!

भूषणला विचारलं. त्याचा गाळपाचा हंगाम चालू, डोळ्यांत झोप. तो म्हणाला, "माय आणि राग? अगं, ती रागावली की भाजीत तिखट वाढतं. वाढलंय का?"

"प्लास्टर आहे त्यांच्या हाताला! भाजी मी करते!"

"मग कसं कळणार?" असं म्हणून तो झोपला. याला म्हणतात नवरा.

मी माफी मागायचं ठरवलं. पण तोंडानं नाही, कारण अहिराणीत माफी कशी मागतात ते मला येत नव्हतं. स्वयंपाकानं. सकाळपासून वांगी भाजली, भरीत केलं, कळण्याच्या, म्हणजे इकडच्या ज्वारी-उडदाच्या, भाकरी थापल्या. माझ्या भाकऱ्या नकाशासारख्या होतात ते सोडा, पण प्रेम होतं हो त्यात! सासूबाईंनी ताट घेतलं आणि अंगणाच्या पार टोकाला, भिंतीला पाठ लावून एकट्या जेवायला बसल्या.

मला रडूच आलं. मग सुचली ती अफाट कल्पना. मी मिन्नीच्या कानात सांगितलं, "जा, आजीला पळत जाऊन घट्ट मिठी मार. सोडायचीच नाही!"

पोरीला तेवढंच हवं होतं. ती सुटली. सासूबाईंनी बघितलं. ताट खाली ठेवलं आणि, अहो, काय सांगू, त्या उठून पळाल्या! साठी उलटलेली बाई, गळ्यात हात, नऊवारीचा घोळ दुसऱ्या हातात, तुळशीभोवती पळतायत! मागं मिन्नी, "आजी, थांब ना!" पुढं आजी, "नको वं माय! दूर ऱ्हाय! दूर ऱ्हाय!" आणि त्यांच्या मागं मी. "आई, पडाल! पळू नका! हाडं!" तीन फेऱ्या की चार, कोण मोजतंय!

शेवटी त्या मागच्या खोलीत शिरल्या आणि आतून कडी घातली. मिन्नी दाराला कान लावून उभी राहिली. मग माझ्याकडं वळून म्हणाली, "आई, आजी आत रडतेय."

आता घरातलं घरात राहिलं असतं तरी ठीक. पण आमची शेजारीण कमलजिजी. दोन्ही अंगणांची मिळून एकच भिंत आणि कमलजिजींचा चहा रोज आमच्याकडं. त्या यायच्या बंद झाल्या. मला वाटलं, पाहुणे असतील. मग दूधवाली फाटकाबाहेरूनच भांडं ठेवायला लागली. गल्लीतल्या बायका आमच्या दारावरून जाताना पदर नाकाला लावायला लागल्या. एकदा मी कॉलेजातून येते तो दारात एक माणूस, पाठीवर पंप.

"मॅडम, मारू का?"

"काय मारू?"

"औषध हो. ग्रामपंचायतीकडनं आलोय. लोक म्हने, तुमच्याकडे हाडं खाणारे किडे निघालेत. डासावरचं चालेल का त्याला, की दुसरं आणू?"

मी भडकले. माझा विषय आणि माझ्याच दारात असली अंधश्रद्धा! "हाडं खाणारे किडे? असलं काही नसतं! कोण अफवा पसरवतंय?" त्याला तिथंच उभं करून मी भिंतीशी गेले आणि हाक मारली, "कमलजिजी! ओ कमलजिजी!"

त्या आल्या, पण भिंतीपासून पाच हात लांब.

"जिजी, गावात काय चाललंय हे? हाडं खाणारा रोग म्हणे! एकाचा दुसऱ्याला चिकटतो म्हणे! असा कुठलाही रोग या पृथ्वीवर नाही. मी स्वतः त्यात डॉक्टरेट केलीय! कोणत्या बावळटानं सांगितलं हे तुम्हाला?"

कमलजिजींनी आधी पदर नाकाला लावला. मग म्हणाल्या, "तुन्ही सासूनी सांगं. म्हने, 'कमल, आते येत नको जाऊ. माले चिटकनारा रोग व्हयेल शे.'"

"आणि त्यांना कोणी सांगितलं?"

"तूच सांगं ना वं! कनकना गोया करीसन दाखाडा म्हने! हाडकेसनी डाक्टरीन शे ना तू?"

तुम्हाला सांगते, त्या क्षणी माझ्या डोक्यात ती सगळी संध्याकाळ उलटी फिरली. चिकटणं हाच रोग. पोरांना तर जास्तच. चिकटू द्यायचं नाही, बस्स. प्रत्येक वाक्य शास्त्राप्रमाणं बरोबर! आणि प्रत्येक वाक्यानं ती बाई स्वतःला एकेका माणसापासून तोडत गेली होती. रागानं नाही हो. आमच्या काळजीनं.

पंपवाला मागून म्हणाला, "मॅडम, तुम्ही एवढ्या शिकलेल्या..."

"गप्प बसा हो तुम्ही!"

मी घरात धावले. मागच्या खोलीत सासूबाई नव्हत्या. अंथरुणाची गुंडाळी नव्हती, खुंटीवरचं लुगडं नव्हतं. भूषण जेवायला घरी आलेला. त्याला विचारलं, "आई कुठायत?"

"वावरात सोडलं सकाळी. म्हणाली, काही दिवस तिथल्या खोलीत राहते."

"आणि तू सोडलंस? विचारलं नाहीस का म्हणून?"

"माय कधी काही मागते का? मागितलं, मी गाडी काढली." मग हात धुता धुता म्हणाला, "मला वाटलं तुला माहीत आहे. तीच म्हणाली ना, 'तुन्ही बायकोनी सांगं तसंच करी ऱ्हायनू.'"

मी स्कूटर काढली.

आमचं वावर गावापासून जरा लांब, केळीच्या बागा ओलांडून. तिथं दोन खोल्या आहेत. एकीत डोंगरातून कामाला आलेलं पावरा आदिवासी कुटुंब राहतं, दुसरी रिकामी असते. मी पोचले तर सासूबाई उंबऱ्यावर बसलेल्या आणि ती पावरा बाई दुरून, बांधावर झाकलेली भाकर ठेवून जात होती. तिचं तान्हं पोर पाठीला. सासूबाई तिला चांगल्या हातानं 'जा, जा' अशी खूण करत होत्या, पण नजर सगळी त्या पोरावर.

मला बघून त्या उठून आत सरकल्या. "तू कसाले उनी? तठेच थांब."

"आई..."

"मिन्नी जेवनी का?"

बघा. पहिला प्रश्न हा.

"नाही जेवली नीट. आजी पाहिजे म्हणते."

त्या दुसरीकडं बघायला लागल्या. मग आयुष्यात माझ्याशी बोलल्या नसतील एवढं एका दमात बोलल्या. "मन्ही उमर गई. मन्हा हाडके गयात ते गयात. पोरनी हाडके कवयी शेत अजून. तिले शाळा शिकनी शे, खेळनं शे. भूषणले सांगू नको रोग मोठा शे म्हनीसन. तो हंगाममा शे, काळजी करी. मी आठे बरी शे."

कोवळी हाडं. त्या पोरीची कोवळी हाडं वाचवायला ही बाई मोडका हात घेऊन केळीच्या बागेत एकटी राहायला आली होती. आणि मी? मी समजत होते त्या मला शिक्षा देतायत!

मी पुढं गेले. त्या मागं सरकल्या. मी अजून पुढं. खोली एवढीशी, जाणार कुठं? मी त्यांच्या गळ्यातच पडले. प्लास्टर आमच्या दोघींच्या मध्ये.

"दूर व्हय वं! चिटकी जायी!"

"काही चिटकत नाही!" मी ओरडले. रडत होते की हसत, मलाच कळेना. "आई, मी चुकीचं सांगितलं. म्हणजे बरोबर सांगितलं, पण चुकीचं सांगितलं!"

"म्हंजे?"

मी अहिराणीचा नाद सोडला. "आई, तुमचे केस पांढरे झालेत ना? मिन्नी जन्मल्यापासून तुमच्या कुशीत झोपते. तिचे झाले का पांढरे?"

"नही."

"तसंच हे. तुमच्या हाडातल्या पेशी तुमच्याच हाडातल्या पेशींना चिकटतात. बाहेर येत नाहीत. कोणाला लागत नाहीत. मिन्नीला नाही, मला नाही, कमलजिजींना नाही."

"म्हंजे... घरनं घरमाच?"

"घरातल्या घरातच, आई."

"मंग पोरेसले जास्त व्हस म्हनत व्हती ना तू?"

"पोरांची हाडं वाढत असतात. तिथं जुनं काढायचं, नवं भरायचं काम जोरात चालतं. तो रोग नाही. त्यामुळंच तर ती उंच होते."

"मंग मिन्नीले काहीच व्हनार नही?"

"काहीच नाही."

त्यांनी डोळे मिटले. एक लांब श्वास सोडला, इतका लांब की तो कधीपासून कोंडला होता ते मला कळलं. मग चांगला हात उचलून माझ्या डोक्यावर ठेवला. केसांवरून फिरवला. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा. म्हणाल्या, "असं सांगानं ना मंग, येडी!"

येडी! त्यांनी मला येडी म्हटलं! अहो, 'अहो सूनबाई'पेक्षा किती जवळचा शब्द आहे हा, तुम्हाला नाही कळायचं.

मी त्यांना स्कूटरवर बसवणार होते. किल्ली लावली आणि मग लक्षात आलं की ठिसूळ हाडाच्या बाईला खड्ड्यांच्या रस्त्यावरून मागं बसवून न्यायचं म्हणजे माझ्या अकलेचं दुसरं प्रदर्शन. भूषणला फोन केला, गाडी मागवली. निघताना सासूबाई पावरा बाईच्या दाराशी गेल्या, तिचं तान्हं पोर मागून घेतलं आणि चांगल्या हाताच्या कुशीत धरून त्याच्या टाळूचा वास घेतला. तिला काय कल्पना, काय चाललं होतं ते!

घरी आलो. मिन्नी ओट्यावर बसलेली. गाडीतून आजी उतरताना बघून ती उठली, एक पाऊल टाकलं आणि थांबली. दोन्ही हात मागं बांधले. शहाण्यासारखी म्हणाली, "आजी, मी इथंच बसते हं. लांब."

तुम्हाला सांगते, भूषणसारखा माणूस, ज्याला मायचा राग तिखटावरून कळतो, त्यानंही तोंड फिरवलं.

सासूबाई तिथंच ओट्याच्या कडेला बसल्या. मांडी थोपटली. "ये वं मन्ही माय. ये. चिटक माले!"

पोरगी अशी झेपावली की मला पुन्हा हाडांची भीती वाटली. पण या वेळी मी तोंड उघडलं नाही. शिकतो हो माणूस!

गल्लीला काही समजावावं लागलं नाही. मी तर तयारी केली होती, सगळ्या बायकांना बोलावून नीट सांगू म्हणून. भूषणनं हात जोडले, "तू नको सांगूस, पाया पडतो." खरंच गरज पडली नाही. दुसऱ्या दिवशी सासूबाई मिन्नीला मांडीवर घेऊन दिवसभर ओट्यावर बसल्या, एकाच ताटात जेवल्या, आणि जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येकीला हाक मारून जवळ बसवलं. संध्याकाळी कमलजिजी आल्या, चहाला. दोन कप पिऊन गेल्या. राहिलेल्या दिवसांचे वसूल!

तेव्हापासून आमच्यात एक बदल झालाय. सासूबाई मला प्रश्न विचारतात. केळीला काय होतं, दुधाचं दही कसं होतं, गुडघा का वाजतो. आणि मी उत्तर दिलं की एकदा स्वतःच्या शब्दांत म्हणून दाखवतात आणि विचारतात, "बरोबर का? का आखो काही ऱ्हायनं?" परीक्षेला बसलेली मीच असते, त्या नव्हे.

परवा प्लास्टर काढायला शहाद्याला गेलो होतो. बाकावर आमच्या शेजारी एक आजीबाई, कमरेत वाकलेल्या, नंबर लावून बसलेल्या. मी औषधाच्या खिडकीवरून परत येत होते, तर त्यांचा आवाज कानावर आला. माझ्याकडं बोट दाखवून सासूबाईंना विचारत होत्या, "ती तुमन्ही सून ना? डाक्टर शे म्हने?"

माझी पावलं आपोआप हळू झाली. सुनेचं कौतुक सासूच्या तोंडून ऐकायला कोणाला नको असतं? मी खांबाआड उभी राहिले, कान टवकारून.

सासूबाई म्हणाल्या, "हां, शे."

"काय औषध देस ती?"

सासूबाईंनी जरा विचार केला. खोटं बोलायची त्यांना सवय नाही.

"नही वं बहीण," त्या म्हणाल्या, "औषध देवानी डाक्टर न्यारी. हाई भ्याव घालानी डाक्टर शे."

मी खांबाआडून बाहेर आले. रागवायचंच ठरवलं होतं. पण त्यांनी प्लास्टरमधून नुकताच सुटलेला, वाळून बारीक झालेला हात पुढं केला आणि म्हणाल्या, "धर वं, येडी. पायऱ्या शेत."

आता सांगा, कुठल्या तोंडानं रागवायचं?